पुण्यस्मरणातील उसने सूर

परभणी जिल्ह्यात, आणि खरे पाहता सबंध मराठवाड्यात, गेल्या काही वर्षांत एक नवा रिवाज पडला आहे. घरातील वडीलधारे माणूस निवर्तले, की तेरवीच्या आत त्याच्या छायाचित्रांची एक चित्रफीत तयार व्हावी, ती मंडपात पडद्यावर दाखविली जावी, आणि पुढे दरसाल पुण्यतिथीच्या दिवशी सोयऱ्याधायऱ्यांच्या मोबाइलवर ती फिरावी, अशी अपेक्षा आता सुखवस्तू घरांतच नव्हे तर बेताच्या प्राप्तीच्या घरांतही केली जाते. गुरुजींच्या सेवानिवृत्तीस तसेच, आईच्या पंचाहत्तरीस तसेच, लग्नाच्या पन्नासाव्या वर्षासही तसेच. परभणी, सेलू, मानवत, जिंतूर, पूर्णा, गंगाखेड, जेथे म्हणून फोटो स्टुडिओ आहे तेथे हे काम पैसे घेऊन करून मिळते. ह्या रिवाजाशी आमचे भांडण नाही. ज्या घरात आजोबांचा एकच पिवळा पडलेला फोटो, तोही कसल्याशा ओळखपत्राकरिता काढलेला, भिंतीवर असे, त्या घरातील नातवंडांस आज आजोबा चालताबोलताना दिसतात ही गोष्ट आम्ही लहान मानीत नाही. आमचे भांडण आहे ते त्या चित्रफितीत जे गाणे घातलेले असते त्याविषयी. त्या गाण्याचा मोबदला कोणीच कोणास देत नाही, आणि ह्यात काही वावगे आहे असे सुशिक्षित कुटुंबांसही वाटत नाही.

स्टुडिओवाल्याने दिलेला हिशेबाचा कागद एकदा नीट वाचून पाहावा. शूटिंगचे इतके, जुने फोटो साफ करण्याचे इतके, मिक्सिंगचे इतके, पेन ड्राइव्हचे इतके, पडद्याचे भाडे इतके. निवेदकाचा आवाज लावला असेल तर त्याचेही काही शे रुपये त्यात असतात. गाण्याचा रकाना मात्र नसतो. आणि मंडपात बसलेल्या मंडळींच्या डोळ्यांस पाणी येते ते कशाने? फोटो त्यांनी पूर्वी पाहिलेले असतात, माणूस तर त्यांच्या नित्याच्या परिचयातला. पदर डोळ्यांस लागतो तो गाण्याच्या पहिल्या सुराबरोबर. म्हणजे ज्या मालावर सारा व्यवहार उभा आहे तोच माल फुकट, आणि बाकी सर्व गोष्टींस दाम! हलवायाने गूळ न विचारता उचलून आणावा, आणि लाडू विकताना तीळ, जळण व मजुरी ह्यांचे तेवढे पैसे लावून 'गुळाचे आम्ही काही घेत नाही हो' असे वर सांगावे, तशातला हा प्रकार आहे.

शोकाच्या घरी कायद्याची भाषा काढणे कित्येकांस असभ्यपणाचे वाटेल. 'माणूस गेला आहे, आणि तुम्ही प्रताधिकार काय घेऊन बसलात?' असा प्रश्न आम्हांस विचारण्यात येईल. त्यास आमचे उत्तर असे की, शोकाच्या घरात व्यवहार आम्ही आणलेला नाही. तो आगाऊ रकमेची पावती फाटली तेव्हाच आला. घरच्या मुलाने रात्री जागून आपल्या मोबाइलवर वडिलांचे फोटो जुळविले, त्यांवर वडिलांच्या आवडीचे गाणे लावले आणि घरातल्या घरात ते दाखविले, तर त्यास कोणी शहाणा मनुष्य हटकणार नाही. खासगी व वैयक्तिक उपयोगाकरिता रास्त वापराची सवलत कायद्याच्या ५२ व्या कलमात आहे, आणि तिचा अर्थ शक्य तितका उदारपणे लावावा असेच आम्ही म्हणू. परंतु जो मनुष्य महिन्यास अशा अनेक चित्रफिती करून देतो आणि त्यावर आपला प्रपंच चालवितो, त्याचा उपयोग खासगी कसा? गिऱ्हाइकाचे दुःख खासगी आहे, स्टुडिओवाल्याचा धंदा खासगी नाही. ह्या दोहोंची गल्लत करून दुःखाच्या पदराआड धंदा लपविण्यात येतो, आणि आमचा आक्षेप नेमका ह्यावर आहे.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात पाहू. १९५७ चा प्रताधिकार अधिनियम २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. त्यात चलच्चित्राची जी व्याख्या आहे तीत चित्राबरोबर येणाऱ्या ध्वनीचाही समावेश होतो. म्हणजे मानवतच्या स्टुडिओत तयार झालेली दहा मिनिटांची श्रद्धांजली कायद्याच्या दृष्टीने, प्रभातने काढलेल्या बोलपटांप्रमाणेच, चलच्चित्र होय. गाण्याचे शब्द, त्याची चाल आणि त्याचे ध्वनिमुद्रण ही कायद्याच्या दृष्टीने तीन निरनिराळी धने असून त्यांतील प्रत्येकाचा धनी निराळा असू शकतो. शब्द किंवा चाल घेऊन चलच्चित्र करणे हा शब्दकाराचा व संगीतकाराचा हक्क, आणि ध्वनिमुद्रण उचलून दुसऱ्या कशात साठविणे हा ते मुद्रण करविणाऱ्याचा. तिघांचीही परवानगी लागते.

ही त्रिविध मालकी लक्षात न आल्यामुळे आपल्याकडे एक मोठा गैरसमज पसरला आहे. 'अभंग लावला आहे, संतांच्या वाणीवर कसला आला हक्क?' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. गंगाखेड हे जनाबाईचे गाव. तिच्या शब्दांवर कोणाचीही मालकी नाही, आणि जात्यावर बसून ते म्हणणाऱ्या बायांस कोणाची परवानगी कधी लागली नाही, पुढेही लागणार नाही. तुकोबांचे शब्दही तसेच सर्वांचे. परंतु तुकोबांच्या अभंगांस श्रीनिवास खळे ह्यांनी ज्या चाली दिल्या त्या तुकोबांच्या नव्हेत. खळे २०११ साली वारले. रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क चालतो, तेव्हा त्यांच्या चालींवरील हक्क २०७१ च्या अखेरपर्यंत राहील. लता मंगेशकर ह्यांनी गायिलेल्या त्या अभंगांची ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीचा हक्क त्याहून निराळा, आणि गायिकेचा त्याहूनही निराळा. 'अभंग' ह्या एका शब्दाखाली ह्या सर्व गोष्टी झाकल्या जातात. जुन्या भावगीतांची गोष्ट ह्याच्या उलट. ध्वनिमुद्रणाची मुदत प्रसिद्धीपासून ६० वर्षांची असल्यामुळे १९६४ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रिका मोकळ्या झाल्या आहेत, परंतु तेवढ्याने गाणे मोकळे झाले असे नव्हे. ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले. त्यांच्या शब्दांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. वामनदादा कर्डक २००४ साली गेले. त्यांची गीते भीमजयंतीच्या आणि श्रद्धांजलीच्या चित्रफितींतून सर्रास वाजतात, आणि त्यांच्या शब्दांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. ह्या शाहिराचे नावही पुष्कळदा चित्रफितीत नसते. स्टुडिओचे नाव मात्र पहिल्या आणि शेवटच्या चित्रावर ठळक अक्षरांत झळकते!

दुसरा गैरसमज तीस सेकंदांचा. तीस सेकंदांपेक्षा कमी गाणे घेतले तर चालते, असा एक नियम स्टुडिओ-स्टुडिओतून तोंडोतोंडी चालत आला आहे. कोणी पंधरा सेकंद म्हणतो, कोणी 'ध्रुवपदापुरते' म्हणतो. आम्ही अधिनियम पहिल्या कलमापासून अखेरपर्यंत पाहिला, त्यात असे घड्याळ कोठेही नाही. अत्यल्प उसनवारीकडे न्यायालय कधी दुर्लक्ष करील, पण ते प्रत्येक प्रकरणाची परिस्थिती तोलून. तिसरे समाधान असे की, 'आम्ही गाण्याच्या ॲपची वर्गणी भरतो.' ती वर्गणी ऐकण्याची आहे. वाचनालयाची वर्गणी भरणाऱ्यास पुस्तक छापून विकण्याचा अधिकार मिळत नाही हे ज्यांस समजते, त्यांस हे समजू नये ह्याचे नवल वाटते. समाजमाध्यमांवर जी गाणी जोडण्यास मिळतात तीही सर्वसाधारणपणे खासगी, बिनव्यापारी उपयोगापुरती दिलेली असतात, स्टुडिओच्या धंद्याकरिता नव्हेत.

सर्वांत भक्कम वाटणारा आधार लग्नाचा. कलम ५२ मध्ये धार्मिक विधीच्या प्रसंगी गाणे वाजविण्यास सूट आहे, आणि लग्नाची वरात व लग्नासंबंधीचे इतर सामाजिक समारंभ त्या सवलतीत येतात असा खुलासाही तेथेच केलेला आहे. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून हीच गोष्ट पुन्हा सांगितली. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये ह्याच अर्थाचे परिपत्रक काढले, परंतु मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा येथील खंडपीठाने त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते रद्द केले. कायद्यातील सवलतीचे क्षेत्र परिपत्रकाने वाढविता येत नाही, असा त्याचा मथितार्थ. आता ह्या सवलतीचे शब्द पाहावे. ती गाणे त्या प्रसंगी वाजविण्यास आहे, ते गाणे कायमचे चित्रास जोडून, त्याच्या प्रती काढून, मोबदला घेऊन देण्यास नाही. बँडवाला वरातीपुढे गाणे वाजवितो आणि ते हवेत विरते. मिक्सिंगवाला ते गाणे पेन ड्राइव्हवर बसवितो आणि ते तेथे राहते. मंडपातील वाजंत्रीस मिळालेली सूट आपल्यासही आहे असे समजून स्टुडिओवाल्यांनी स्वस्थ बसावे, ही त्यांची फसगत आहे. सेवानिवृत्ती आणि वाढदिवस हे तर त्या सवलतीत कोठेच बसत नाहीत.

पुष्कळांचे खरे म्हणणे ह्या सर्वांच्या मुळाशी निराळेच असते, आणि ते मोकळेपणाने बोलले जात नाही. ते असे की, गाण्याच्या कंपन्या गडगंज आहेत, परभणीच्या स्टुडिओवाल्याने चार गाणी घेतली तर त्यांचे काय जाते? ह्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे म्हणूनच ते घातक आहे. गाण्याचा पैसा गाणे करणाऱ्यांच्या हाती न जाता दुसऱ्याच्या तिजोरीत जात असे, हा आपल्या देशाचा जुना इतिहास आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, मोबदला घेऊन चित्रपटाकरिता केलेल्या गीताचा व संगीताचा पहिला धनी, उलट करार नसेल तर, निर्माता होय. त्याच प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी गायकास कायद्यात काहीच स्थान नाही ह्याकडे खेदाने लक्ष वेधले होते. त्याच्याही आधी, १९६० च्या दशकात, लता मंगेशकर ह्यांनी ध्वनिमुद्रिकांच्या उत्पन्नात गायकास वाटा असावा असा आग्रह धरला. मोहम्मद रफी ह्यांचे मत निराळे पडले, आणि त्या वादापायी काही वर्षे ह्या दोघांनी एकत्र गाणे बंद केले होते. गायकास कायद्याने हक्क मिळाला तो १९९४ च्या दुरुस्तीने. आणि गीतकार व संगीतकार ह्यांस, चित्रपटगृहाबाहेर गाण्याचा जो जो उपयोग होईल त्याच्या उत्पन्नात समान वाटा, तोही सोडून देता न येणारा, असा मिळाला २०१२ च्या दुरुस्तीने. जावेद अख्तर ह्यांनी राज्यसभेत त्याकरिता केलेली खटपट सर्वश्रुत आहे. म्हणजे ज्या घडीस कवीचा आणि संगीतकाराचा वाटा कायद्याने कायम झाला, त्या घडीनंतरही आम्ही 'कंपनी श्रीमंत आहे' म्हणून गाणे फुकट उचलतो. तेव्हा आम्ही बुडवितो ते एकट्या कंपनीचे नव्हे. त्या पैशात कोणा कवीच्या विधवेचा, कोणा संगीतकाराच्या मुलीचा वाटा असतो.

असे असले तरी सारा दोष स्टुडिओवाल्याच्या माथी मारून मोकळे होण्यास आम्ही तयार नाही. कारण त्याने उद्या प्रामाणिकपणे पैसे द्यावयाचे मनात आणले, तर ते द्यावे कोठे? कायद्याने किती जणांकरिता दारे ठेवली आहेत ती पाहावी. आकाशवाणीपासून खासगी रेडिओपर्यंत सर्व प्रसारकांकरिता ३१-ड हे कलम आहे. ठरावीक दराने पैसे भरले, पूर्वसूचना दिली, की मालकाच्या परवानगीवाचून त्यांस गाणे प्रसारित करता येते. जुन्या गाण्याचे नव्या आवाजात ध्वनिमुद्रण करणाऱ्याकरिता ३१-क हे कलम आहे, पण त्यात दर वर्षी निदान ५०,००० प्रतींचा मोबदला धरलेला आहे, आणि तेही केवळ ध्वनिमुद्रणापुरते, चित्रफितीस ते लागूच नाही. लग्नाच्या वरातीस सूट आहे. आणि गंगाखेडच्या ज्या मनुष्यास एका गाण्याच्या पाच प्रती एका कुटुंबाकरिता करावयाच्या आहेत, त्याच्याकरिता काय? त्याने मुंबईस पत्र पाठवावे, गीतकाराच्या वारसांचा शोध घ्यावा, संगीतकाराच्या वारसांचा घ्यावा, कंपनीच्या कचेरीतील कोणा अधिकाऱ्याने उत्तर द्यावे म्हणून वाट पाहावी. आणि तेरवी तर परवा आहे! जाहिरातवाल्यांकडून लाखांनी घेण्याची सवय लागलेल्या कचेऱ्यांस पाचशे रुपयांच्या परवान्याकरिता कागद हलविणे परवडत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या दुकानदाराने दुकानास दारच ठेवले नाही, त्याने खिडकीतून माल गेला म्हणून ओरडण्यास काही मर्यादा असावी.

आणि हे दार करणे अशक्य आहे असे कोणी सांगू नये. ऑस्ट्रेलियात लग्नाच्या व घरगुती समारंभांच्या चित्रफिती करणाऱ्या धंदेवाल्यांकरिता एक स्वतंत्र परवाना आहे. संगीतकारांची संस्था आणि ध्वनिमुद्रण कंपन्यांची संस्था मिळून तो देतात, आणि अल्प शुल्कात शब्द, चाल व ध्वनिमुद्रण ह्या तिन्हींची सोय एकाच ठिकाणी होते. आपल्याकडे गीतकार-संगीतकारांची 'इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी' १९६९ पासून आहे, गायकांची संस्था २०१३ पासून नोंदलेली आहे, आणि पैसे पोहोचविण्याचे साधन तर खेड्यातील पानपट्टीवाल्याच्या फळीवरही चिकटविलेले असते. एका चित्रफितीस एक गाणे, अमुक प्रती, अमुक शुल्क, ते भरल्याबरोबर परवाना मोबाइलवर, एवढीच ही योजना. ती करण्यास नवा कायदाही नको, मालकांनी एकत्र बसावयास मात्र हवे. ते बसत नसतील तर सरकारने ३१-ड सारखे आणखी एक कलम करून त्यांस बसवावे. रेडिओस जे दिले ते स्टुडिओवाल्यास का न द्यावे, ह्याचे उत्तर आम्हांस अद्याप कोणी दिलेले नाही.

तूर्त ह्या पोकळीत राज्य चालते ते यंत्राचे. कुटुंबाने वडिलांची चित्रफीत यूट्यूबवर ठेवली, की तेथील यंत्र गाणे ओळखते. मग मालकाच्या मर्जीप्रमाणे कधी आवाज बंद होतो, कधी चित्रफीतच दिसेनाशी होते, आणि पुष्कळदा तिच्यावर जाहिराती लावून त्यांचे उत्पन्न मालकाकडे वळविले जाते. वडिलांच्या चितेचे दृश्य संपते न संपते तोच साबणाची जाहिरात! कुटुंबाने ज्याचे दाम मोजले ती ही श्रद्धांजली. स्टुडिओवाल्याकडे जावे तर पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत 'संगीताविषयीची जबाबदारी ग्राहकाची राहील' असे छापलेले आढळते. कायद्यातील शिक्षेचे प्रकरण ह्याहून कडक आहे. कलम ६३ प्रमाणे सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले आहे. धंद्यातील नफ्याकरिता उल्लंघन केले नसेल तर शिक्षा कमी करता येते, पण ती मुभा पैसे घेणाऱ्या स्टुडिओवाल्याच्या उपयोगी पडणार नाही. श्रद्धांजलीच्या गाण्यापायी आमच्या जिल्ह्यातील कोणी तुरुंगात गेल्याचे आम्ही ऐकलेले नाही, आणि कोणी जावे अशी आमची इच्छाही नाही. परंतु तुरुंगात कोणी जात नाही एवढ्यावरून ती गोष्ट योग्य ठरते, हा युक्तिवाद सुशिक्षित घरांनी तरी करू नये.

परवान्याची खिडकी उघडेपर्यंत श्रद्धांजली मुकी ठेवावी असे आम्ही म्हणत नाही. ज्या जिल्ह्यात गंगाखेड आहे त्या जिल्ह्यास सुरांकरिता मुंबईच्या कंपनीकडे पाहावे लागावे हेच मुळी आम्हांस लाजिरवाणे वाटते. गावोगाव भजनी मंडळे आहेत. परंपरेने चालत आलेल्या चालीत जनाबाईचा अभंग म्हणणारी बाई आळीत मिळते, आणि जो माणूस गेला तो पुष्कळदा त्याच मंडळात टाळ धरून उभा असे. त्या मंडळाचा अभंग स्टुडिओतच ध्वनिमुद्रित करावा, गाणाऱ्यांस रोख बिदागी द्यावी, आणि 'हे गायन अमुक चित्रफितीकरिता, अमुक मोबदला घेऊन दिले' अशी दोन ओळींची चिठी लिहून घ्यावी. शब्द मोकळे, चाल मोकळी, ध्वनिमुद्रण आपले. परभणीत राहून लिहिणारे कवी बी. रघुनाथ १९५३ साली वारले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कवितांवरील हक्क २०१३ च्या अखेरीस संपला आहे, आणि त्यांस चाल लावण्यास येथील संगीत शिक्षकांस कोणाची आडकाठी नाही. आवाज कंपनीच्या गायकाइतका गोड नसेल, पेटी थोडी बेसूर असेल. पण त्या आवाजाने मंडपातील माणसे रडणार नाहीत असे ज्यांस वाटते, त्यांनी आपल्या गावातील काकडा एकदा जाऊन ऐकावा.

भाद्रपदात पितृपक्षाच्या ऑर्डरी सुरू होतात. ज्यांच्या घरी यंदा वर्षश्राद्ध आहे त्यांनी स्टुडिओवाल्याशी दर ठरविताना हिशेबाच्या कागदावर 'गाणे' असा एक रकाना वाढवून घ्यावा, त्यापुढे रक्कम लिहावयास लावावी, आणि ती कोणाच्या हाती पोहोचली त्याची चिठी पेन ड्राइव्हबरोबर मागून घ्यावी.